सॅकच्या आकड्यात न मावणारा खेळाडू : कलेयस कॅम्पबेल आणि डिफेन्सिव्ह लाइनचं काम

10 जानेवारी 2021 रोजी नॅशव्हिलमध्ये टेनेसी टायटन्स आणि बाल्टिमोर रेव्हन्स यांच्यात एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या लीगचा, बाद फेरीचा सामना झाला. टायटन्सचा डेरिक हेन्री त्या मोसमात चेंडू घेऊन 2,027 यार्ड धावला होता. एका मोसमात दोन हजार यार्डांचा टप्पा गाठणारे खेळाडू या लीगच्या शंभर वर्षांच्या इतिहासात बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. हेन्रीचं वजन 110 किलोच्या वर, आणि एकदा वेग पकडला की त्याला अडवायला कुणी धजावत नसे. त्या दिवशी त्याच्या हाती 18 वेळा चेंडू दिला गेला आणि त्याला मिळाले अवघे 40 यार्ड. रेव्हन्स 20-13 असे जिंकले.

सामन्यानंतर चर्चा झाली ती रेव्हन्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रं हलवणारा खेळाडू, लमार जॅक्सनची, आणि ते रास्तच होतं, कारण त्याने स्वतः चेंडू घेऊन 48 यार्डांची अप्रतिम धाव घेतली होती. पण हेन्रीची वाट बंद झाली ती त्याच्या थेट समोर उभ्या असलेल्या अवजड माणसांमुळे. त्या फळीत 34 वर्षांचा, 6 फूट 8 इंच उंचीचा कलेयस कॅम्पबेल होता. तो तेव्हा तेरावा मोसम खेळत होता आणि पुढे आणखी पाच मोसम खेळला. ज्या जागेवर माणूस दर आठवड्याला 140 किलोच्या माणसांवर आदळतो, तिथे तो इतकी वर्षं कसा टिकला? त्याचं उत्तर समजून घ्यायचं तर आधी ती जागा समजून घ्यायला हवी. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांतली मुलं हा खेळ शाळेत शिकतात, इथेही रविवारी रात्री साडेदहा-साडेअकराला सामना लावून बसणारे आता बरेच आहेत. पण बहुतेकांची नजर चेंडूमागे जाते आणि फळीतली झुंज नजरेतून सुटते.

फळीत नेमकं चालतं काय

नियम थोडक्यात असे. मैदान 100 यार्ड लांब, दोन्ही टोकांना 10-10 यार्डांचा एंड झोन. दोन्ही बाजूंना 11 खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार संधींत 10 यार्ड पुढे जायचं असतं. या संधीला डाऊन म्हणतात. 10 यार्ड झाले की पुन्हा चार संधी मिळतात, नाही झाले तर चेंडू समोरच्यांकडे जातो. चेंडू एंड झोनमध्ये नेला की टचडाऊन, त्याचे 6 गुण.

पुढे जाण्याच्या वाटा दोन. क्वार्टरबॅकने चेंडू धावणाऱ्याच्या हातात द्यायचा, नाहीतर दूरच्या साथीदाराकडे फेकायचा. दोन्हींसाठी त्याला दोन-तीन सेकंदांची मोकळीक लागते, आणि ती मिळवून देण्यासाठी त्याच्यापुढे पाच धिप्पाड खेळाडू उभे असतात : मधोमध सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. ही झाली आक्रमणाची फळी. तिच्यासमोर हातभर अंतरावर तीन किंवा चार जण एक हात जमिनीला टेकवून वाकलेले असतात. ते डिफेन्सिव्ह लाइनमन.

चेंडू हलला की दोन्ही फळ्या एकमेकींवर आदळतात. तो सगळा प्रसंग पाच-सहा सेकंदांत संपतो, मग श्वास घ्यायला थोडा वेळ आणि पुन्हा तेच. एका सामन्यात असे साठ-सत्तर प्रसंग बचाव करणाऱ्या संघाच्या वाट्याला येतात.

आता बारकावा. आक्रमणाच्या पाच जणांमध्ये फटी असतात. सेंटर आणि गार्ड यांच्यातली फट ए, गार्ड आणि टॅकल यांच्यातली बी, टॅकलच्या बाहेरची सी. धावणारा खेळाडू यांपैकीच एखाद्या फटीतून घुसतो. म्हणून बचावाची सगळी आखणी 'कोणती फट कोणाची' या प्रश्नाभोवती फिरते. यात दोन पद्धती आहेत. पहिलीत प्रत्येक लाइनमनला एकच फट नेमून दिलेली असते. त्याने चेंडू हलताक्षणी त्या फटीत मुसंडी मारायची आणि पलीकडे पोचून धुमाकूळ घालायचा. दुसरीत त्याने समोरच्या माणसालाच छातीवर घ्यायचं, त्याला हात ताणून लांब धरायचं, डावीकडे की उजवीकडे हे पाहायचं आणि चेंडू ज्या बाजूने येईल त्या फटीत शिरायचं. म्हणजे एका माणसाने दोन फटी राखायच्या.

पहिल्या पद्धतीत नाव होतं. दुसरीत झीज होते. दोन फटी राखणाऱ्यावर अनेकदा समोरचे दोघे मिळून चाल करतात, आणि त्याचं काम एवढंच असतं की जागा सोडायची नाही. ते दोघे त्याच्यात गुंतले की मागे उभ्या असलेल्या लाइनबॅकरला मोकळं रान मिळतं. तो धावत येऊन धावपटूला पाडतो, टाळ्या त्याला मिळतात, पाडल्याची नोंदही (तिलाही टॅकलच म्हणतात) त्याच्याच नावावर होते. ज्याने दोघांना रोखून धरलं त्याच्या नावापुढे शून्य.

या झुंजीत उंची हे वरदान वाटतं, पण ती आधी अडचण असते. कुस्ती पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. जो खाली राहतो आणि ज्याचे हात प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर आतून पकड घेतात, जोर त्याचाच चालतो. 6 फूट 8 इंचांचा माणूस ताठ झाला की त्याची छाती समोरच्यासाठी आयतीच उघडी पडते. कॅम्पबेलने वर्षानुवर्षं कमरेतून आणि गुडघ्यांतून वाकून खेळण्यावर मेहनत घेतली. एकदा ते साधलं की लांब हातांचा फायदा सुरू होतो. समोरच्याचे हात आपल्या छातीपर्यंत पोचण्याआधी आपले त्याच्या छातीवर पोचलेले असतात. शिवाय एवढ्या उंचीवरून वर केलेला हात क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू वाटेतच खाली पाडतो, फील्ड गोलची, म्हणजे खांबांमधून चेंडू मारून गुण मिळवण्याची, किकही अडवतो. कॅम्पबेलने ही दोन्ही कामं कारकिर्दीभर केली.

एकच माणूस, दोन कामं, दोन वेगळे आकडे

या जागेचा सगळ्यात गाजणारा आकडा म्हणजे सॅक. क्वार्टरबॅक चेंडू फेकायच्या बेतात असताना त्याला स्वतःच्या फळीमागेच पाडलं की एक सॅक. दोघांनी मिळून पाडलं तर अर्धा-अर्धा. एनएफएलने ही नोंद अधिकृतपणे 1982 पासून ठेवायला सुरुवात केली. ब्रूस स्मिथ 200 सॅकसह सर्वांत वर आहे, त्याच्या मागे 198 सॅकचा रेजी व्हाइट. शंभर सॅक ही मोठी पायरी मानली जाते.

कॅम्पबेलचा जन्म 1 सप्टेंबर 1986 चा, डेन्व्हरचा. मोठं कुटुंब, पैशांची ओढाताण, आणि शाळकरी वयातच वडील चार्ल्स यांचं निधन. मायामी विद्यापीठात 2006 च्या मोसमात त्याने 10.5 सॅक केले आणि सगळ्यांच्या नजरेत भरला. पुढच्या वर्षी मात्र 6 वर आला. 2008 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने महाविद्यालयीन खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, तो दुसऱ्या फेरीत पन्नासावा निवडला गेला. ॲरिझोना कार्डिनल्सने त्याला घेतलं. योगायोग असा की त्याच वर्षी ॲरिझोना सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, पोचली आणि पिट्सबर्गकडून 27-23 अशी हरली. 22 वर्षांच्या नवख्याला वाटलं असणार की अशा संधी पुढे येतच राहतील. त्यानंतर तो सुपर बोलमध्ये कधीच खेळला नाही.

पहिल्या मोसमात त्याच्या नावावर एकही सॅक नव्हता. 2009 ते 2016 या आठ मोसमांत मात्र तो दर वर्षी 5 ते 9 सॅक करत राहिला. चांगले, पण डोळे दिपवणारे नाहीत. आणि इथेच आकडा माणसाला फसवतो. ॲरिझोनाची बचावपद्धत तीन लाइनमन आणि चार लाइनबॅकरची होती. अशा रचनेत टोकाला उभ्या असणाऱ्या लाइनमनच्या अंगावर समोरचा टॅकल असतो, अनेकदा गार्डही मदतीला येतो. क्वार्टरबॅकला पाडण्याची मुख्य जबाबदारी बाहेरून येणाऱ्या लाइनबॅकरची. अशा जागेवरून वर्षाला सात-आठ सॅक काढणं हे बाहेरच्या मोकळ्या जागेवरून बारा काढण्याइतकं अवघड आहे, असं मला ठामपणे वाटतं. प्रतिस्पर्धी प्रशिक्षकांना ते कळत होतं. सामान्य प्रेक्षकाला कॅम्पबेल हे नाव तेव्हा फारसं ठाऊक नव्हतं.

2017 च्या मार्चमध्ये, तिशी ओलांडल्यावर, तो जॅक्सनव्हिल जॅग्वार्समध्ये गेला. चार वर्षांचा, 6 कोटी डॉलरचा करार. जॅग्वार्स आदल्या मोसमात 16 पैकी 3 सामने जिंकले होते. तिशीपुढच्या लाइनमनवर एवढे पैसे लावणं अनेकांना धाडस वाटलं.

10 सप्टेंबर 2017 रोजी ह्यूस्टनमध्ये मोसमातला पहिला सामना झाला. जॅग्वार्सने टेक्सन्सच्या क्वार्टरबॅकना 10 वेळा पाडलं आणि त्यांतले 4 सॅक एकट्या कॅम्पबेलचे होते. मोसम संपला तेव्हा त्याच्या नावावर 14.5 सॅक होते. जॅग्वार्ससाठी तो एका मोसमातला विक्रम ठरला आणि 2023 पर्यंत टिकला. संघाचे मिळून 55 सॅक झाले, शहराला लोक सॅक्सनव्हिल म्हणू लागले. सर्वोत्तम बचावपटूच्या पुरस्काराच्या मतदानात तो ॲरन डोनाल्डच्या मागे दुसरा आला.

तो अचानक बदलला होता का? वयाच्या 31 व्या वर्षी माणसाचा वेग वाढत नाही. बदललं होतं ते काम. जॅक्सनव्हिलची रचना चार लाइनमनची होती, एका माणसाला एकच फट. सुरुवातीच्या डाऊनला तो टोकाला उभा राही, कारण त्याच्या ताकदीपुढे त्या बाजूने धावणं कठीण. पण फेक होणार हे नक्की असलं की त्याला आत सरकवत, गार्डच्या समोर. गार्ड साधारणपणे टॅकलपेक्षा बुटका, त्याचे हातही आखूड. कॅम्पबेलचे हात त्याच्यापर्यंत आधी पोचत आणि क्वार्टरबॅककडे जाणारी वाटही आतून जास्त जवळची. बाहेरून यानिक एनगाक्वे झेपावत होता, त्यानेही त्या मोसमात 12 सॅक केले. एकाला दोघांनी अडवावं तर दुसरा सुटतो, अशी पंचाईत समोरच्यांची झाली.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. मागच्या बाजूला जेलन रॅम्सी आणि ए. जे. बुये हे दोन कॉर्नरबॅक होते. ते समोरच्या झेल घेणाऱ्यांना असे चिकटून राहत की क्वार्टरबॅकला चेंडू फेकायला कुणी मोकळा दिसतच नसे. तो अर्धा सेकंद जास्त थांबला की लाइनमन पोचलेच. म्हणून सॅकचा आकडा एका माणसाच्या नावावर लिहिला जात असला तरी त्यात अकरा जणांचा हात असतो. जॅग्वार्स त्या वर्षी 10 सामने जिंकले, 6 हरले, पिट्सबर्गला त्यांच्याच मैदानावर 45-42 असं हरवून कॉन्फरन्सच्या, म्हणजे लीगच्या दोन गटांपैकी आपल्या गटाच्या, अंतिम सामन्यात पोचले आणि तिथे न्यू इंग्लंडकडून 24-20 असे हरले. शेवटच्या चौथ्या भागात ते आघाडीवर होते. सुपर बोलच्या इतकं जवळ तो नंतर कधी आला नाही.

2018 मध्ये 10.5, 2019 मध्ये 6.5. मग 2020 च्या मार्चमध्ये जॅक्सनव्हिलने त्याला बाल्टिमोरला देऊन टाकलं. बदल्यात काय मिळालं, तर पाचव्या फेरीतल्या ड्राफ्टची एक निवड. पुढच्या दोन वर्षांचे त्याचे आकडे पाहून कुणी म्हणेल की गाडी संपली. 2020 मध्ये 4 सॅक, त्यांतले 3 फिलाडेल्फियाविरुद्धच्या एकाच सामन्यातले. त्या मोसमात पोटरीची दुखापत झाली, कोविड झाला. आधीपासून दमा असल्याने कोविडने त्याला चांगलंच पिळून काढलं. 2021 मध्ये फक्त दीड सॅक.

पण 2021 मध्ये धावण्याविरुद्ध सर्वांत कमी यार्ड देणारा संघ बाल्टिमोर होता, लीगमधल्या 32 संघांत पहिला. फेकीविरुद्ध तोच संघ सर्वांत शेवटी, कारण मागचे खेळाडू एकामागून एक जायबंदी झाले होते. कॅम्पबेल पुन्हा जुन्या कामावर आला होता : दोघांना अंगावर घे, फट बंद ठेव. दीड सॅक आणि पहिला क्रमांक या दोन गोष्टी एकाच वर्षी, एकाच माणसाच्या कामातून आल्या. लाइनमनला फक्त सॅकवर तोलणं चूक का, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

अठरा मोसम शरीर कसं चालतं

एनएफएलमधल्या कारकिर्दीची सरासरी म्हणून खेळाडूंची संघटना 3.3 वर्षं हा आकडा सांगत आली आहे. त्यात एक-दोन सामने खेळून बाहेर पडलेलेही मोजलेले असल्याने मुरलेल्या खेळाडूंना तो तंतोतंत लागू नाही, तरी अंदाज येतो. या जागेवरचे मोठमोठे खेळाडूही फार ताणत नाहीत. तीन वेळा सर्वोत्तम बचावपटू ठरलेला ॲरन डोनाल्ड 10 मोसमांनंतर, 32 व्या वर्षी, अजून उत्तम खेळत असताना थांबला. जे. जे. वॉट 33 व्या वर्षी थांबला. दुसरीकडे ब्रूस स्मिथ 19 मोसम खेळला, आणि त्याच्याही आधीच्या काळात मिनेसोटाचा जिम मार्शल 1960 ते 1979 अशी वीस वर्षं 282 सामने एकही न चुकवता खेळला. मार्शलचं वजन आजच्या लाइनमनपेक्षा पुष्कळ कमी होतं, आणि समोरून आदळणारी माणसंही तेव्हा हलकी होती.

कॅम्पबेलच्या टिकण्यामागे मला तीन-चार गोष्टी दिसतात, आणि त्यांतली पहिली त्याच्या हातातली नव्हती. 2011 मध्ये लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यात नवा करार झाला. त्यानुसार मोसम सुरू असताना पूर्ण पॅड घालून आदळाआदळीचा सराव घेण्यावर मर्यादा आली : पूर्ण मोसमात जेमतेम 14 वेळा. मोसमापूर्वीच्या शिबिरात दिवसातून दोनदा पॅडचा सराव बंद झाला. कॅम्पबेल तेव्हा चौथ्या मोसमात होता. लाइनमनचं शरीर सामन्यांपेक्षा सरावात जास्त झिजतं असं जुने खेळाडू सांगतात. त्या झिजेतून त्याची पिढी बरीच वाचली.

दुसरी गोष्ट आलटून-पालटून खेळण्याची. पूर्वी चांगला लाइनमन जवळपास प्रत्येक प्ले, म्हणजे वर सांगितलेला पाच-सहा सेकंदांचा प्रसंग, खेळायचा. आता सहा-सात जण फिरते असतात. वयस्क खेळाडूला तीस-पस्तीस प्ले दिले जातात, पण नेमके मोलाचे. याला तयार व्हायला अहंकार बाजूला ठेवावा लागतो, आणि अनेक नामवंतांना ते जमत नाही म्हणूनच त्यांची कारकीर्द लवकर संपते. कॅम्पबेल टोकावरून आत सरकला, मुख्य चेहऱ्यावरून फिरत्या फळीत आला, आणि प्रत्येक ठिकाणी उपयोगाचा राहिला.

तिसरी गोष्ट वाचनाची. चेंडू हलण्याआधी समोरचा लाइनमन बरंच काही सांगत असतो. त्याच्या टेकवलेल्या हाताच्या बोटांवर भार जास्त असेल, पेरं पांढरी पडली असतील, तर तो पुढे झेपावणार, म्हणजे धाव येतेय. भार मागे टाचांवर असेल तर तो मागे सरकून क्वार्टरबॅकला वाचवणार, म्हणजे फेक. चेंडू हलल्यावर त्याचं डोकं खाली राहिलं की धाव, वर आलं की फेक. तरुण खेळाडू हे पाहतोही, पण ते शरीरात भिनायला हजारो प्ले जावे लागतात. पाय अर्ध्या पावलाने मंदावले तरी निर्णय अर्ध्या पावलाने आधी झाला, तर हिशेब बरोबर राहतो. हातांचंही तसंच. समोरच्याचा हात मनगटावर मारून खाली दाबणं, त्याच्या खांद्यावरून आपला हात पलीकडे टाकून सुटणं, काखेतून हात घालून त्याला उचलणं, हे डाव वयाबरोबर जास्त धारदार होतात.

या सगळ्यात एक काळी बाजू आहे आणि ती लपवून हा विषय सांगता येणार नाही. लाइनमनचं डोकं जवळपास प्रत्येक प्लेमध्ये कशावर तरी आदळतं. चक्कर येण्याइतका एक मोठा मार नसला तरी हजारो लहान धक्के मेंदूवर साठत जातात. त्यातून होणाऱ्या सीटीई या आजाराचं पक्कं निदान आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच करता येतं. बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये एनएफएलच्या माजी खेळाडूंचे 111 मेंदू तपासले, त्यांतल्या 110 मध्ये हा आजार आढळला. हे मेंदू कुटुंबीयांनी दान केलेले होते, आणि लक्षणं दिसलेल्यांच्या घरचेच दान करण्याची शक्यता जास्त, म्हणून सगळ्या खेळाडूंना तेच प्रमाण लावता येत नाही. तरीही अठरा मोसम खेळणाऱ्याचं कौतुक करताना ही किंमत डोळ्यांआड करू नये असं मला मनापासून वाटतं.

म्हाताऱ्या लाइनमनचा बाजारभाव

बाहेरून पाहणाऱ्याला कोट्यवधी डॉलरचे करार दिसतात. पण एनएफएलमध्ये जाहीर झालेली पूर्ण रक्कम सहसा हमीची नसते. काही भागाची हमी असते, बाकीचे पैसे खेळाडू संघात राहिला तरच. प्रत्येक संघाला पगारावर एकूण मर्यादा असते, त्यामुळे तिशीपुढचा महागडा खेळाडू दर मार्चमध्ये टांगणीला लागतो.

कॅम्पबेलचा पैशांचा प्रवास यावर चांगला प्रकाश टाकतो. पहिला करार दुसऱ्या फेरीतल्या नवख्याचा, म्हणजे लीगच्या मानाने बेताचा. 2012 मध्ये तो करारमुक्त होणार, तेव्हा ॲरिझोनाने त्याच्यावर फ्रँचायझी टॅग लावला. या नियमाने संघ आपल्या एका खेळाडूला आणखी एक वर्ष ठरीव चढ्या पगारावर रोखून धरू शकतो. नंतर वाटाघाटी होऊन पाच वर्षांचा 5.5 कोटी डॉलरचा करार झाला. मग जॅक्सनव्हिलचे 6 कोटी. 2020 मध्ये पाचव्या फेरीच्या बदल्यात बदली, 2023 मध्ये बाल्टिमोरने करारातून मोकळं केलं, आणि तिथून पुढे दर वर्षी नवा संघ : 2023 अटलांटा, 2024 मायामी, 2025 पुन्हा ॲरिझोना. सगळे एकेका वर्षाचे करार.

इथे लीगचा एक नियम कळीचा आहे. खेळाडूचा किमान पगार अनुभवाच्या वर्षांनुसार वाढत जातो. साहजिकच संघ अनुभवी माणसाला वगळून स्वस्त नवखा घेतील. म्हणून सोय अशी केली आहे की किमान पगारावर एका वर्षासाठी घेतलेल्या जुन्या खेळाडूची रक्कम संघाच्या मर्यादेत कमी धरली जाते. ही सोय नसती तर बरेच मुरलेले खेळाडू अंगात खेळ असतानाही घरी बसले असते. कॅम्पबेलला शेवटपर्यंत किमानपेक्षा जास्तच मिळालं, पण त्याच्या आसपासच्या अनेकांची चूल या नियमावर पेटते.

अटलांटाच्या त्या एका वर्षाला माझ्या लेखी वेगळं मोल आहे. बाल्टिमोर सोडताना त्याच्या खात्यात बरोबर 99 सॅक होते. 37 व्या वर्षी तो सगळे 17 सामने खेळला, 6.5 सॅक केले आणि शंभरी पार केली. पुढच्या वर्षी मायामीत आणखी 5, म्हणजे एकूण 110.5. मायामीचा मोसम बिघडत चालला तेव्हा त्याला एखाद्या दावेदार संघाकडे देण्याची चर्चा झाली होती, पण मायामीने त्याला ठेवून घेतलं. 38 वर्षांच्या माणसाला संघ सोडायला तयार नसतो, तेव्हा तो फक्त टॅकलसाठी ठेवलेला नसतो. बावीस-तेवीस वर्षांचे लाइनमन त्याच्या शेजारी बसून चित्रफिती पाहतात, हात कुठे ठेवायचा, झोप किती घ्यायची, पैसे कुठे गुंतवायचे हे त्याच्याकडून शिकतात.

पैशांचा उल्लेख उगाच केलेला नाही. कॅम्पबेलने वडिलांच्या नावाने, चार्ल्स रिचर्ड कॅम्पबेल यांच्या आद्याक्षरांवरून, सीआरसी फाउंडेशन उभारलं. आर्थिक शिस्तीसकट जगायला लागणारी व्यावहारिक कौशल्यं मुलांना शिकवणं हे तिचं काम. 2019 च्या मोसमासाठी त्याला वॉल्टर पेटन मॅन ऑफ द इयर हा पुरस्कार मिळाला. मैदानावरचा खेळ आणि समाजातलं काम दोन्ही पाहून एनएफएल हा पुरस्कार देते आणि खेळाडू त्याला फार मानतात.

2025 मध्ये, 39 व्या वाढदिवसाच्या काही महिने आधी, तो अठराव्या मोसमासाठी ॲरिझोनात परतला. 2008 च्या ड्राफ्टमधले त्याचे बहुतेक सगळे सोबती तोवर निवृत्त झाले होते.

आता प्रश्न उरतो तो हॉल ऑफ फेमचा, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीचा. खेळ थांबवल्यावर पाच वर्षांनी नाव विचारात घेतलं जातं. निवड समितीपुढे कॅम्पबेलविरुद्ध मांडायला दोन गोष्टी असतील : सुपर बोलची अंगठी नाही, आणि लीगमध्ये सर्वोत्तम म्हणावा असा मोसम एकच, 2017 चा. बाजूने सहा प्रो बोल निवडी, म्हणजे मोसमातल्या निवडक उत्तम खेळाडूंत सहा वेळा वर्णी, आहेत, शंभराहून कितीतरी जास्त सॅक आहेत आणि त्यांतले निम्म्याहून जास्त अशा जागेवरून आलेले आहेत जिथे सॅक करणं हे त्याचं पहिलं काम नव्हतं. मला विचाराल तर एवढ्यावर त्याची जागा पक्की व्हायला हवी. समितीने त्याच्या ॲरिझोनातल्या आठ मोसमांच्या चित्रफिती पाहाव्यात, चेंडू कुठे गेला याकडे लक्ष न देता, फक्त त्याच्यावर किती जण चालून येतात आणि तो किती पावलं मागे हटतो एवढंच मोजावं.